डेल्टा जी धन आला, म्हणून अभिक्रिया सोडून द्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रिया आपोआप होतात असं शिकलो. मग अमोनियम नायट्रेट पाण्यात टाकल्यावर भांडं गार पडतं, तरी ते विरघळतं कसं? एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था एवढं पाठ आहे, पण त्याने काही उलगडत नाही. आणि तक्त्यावरून काढलेला डेल्टा जी धन आला, तर ती अभिक्रिया अशक्य समजून विषय बंद करायचा का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. विषय बंद करायचा नाही. डेल्टा जी म्हणजे अभिक्रियेतला मुक्त ऊर्जेचा बदल: ऋण असेल तर अभिक्रिया आपोआप पुढे जाऊ शकते, धन असेल तर नाही. पण तक्त्यावरून निघालेला डेल्टा जी हा एका ठरावीक परिस्थितीपुरता निकाल असतो, आणि तुमची भट्टी किंवा तुमचा रिअॅक्टर त्या परिस्थितीत जवळजवळ कधीच नसतो. माझी नोकरीची सगळी वर्षं रासायनिक प्रक्रिया प्रयोगशाळेतून कारखान्यात नेण्यात गेली. त्या कामात "ही अभिक्रिया होईल का?" असं कुणी विचारलं की आम्ही उलट विचारतो: कोणत्या तापमानाला, किती दाबाला, आणि तयार झालेला पदार्थ तिथेच राहू देणार की काढून घेणार? एवढं कळल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येत नाही. असं का, हे समजायला एन्थाल्पी (स्थिर दाबाला अभिक्रियेने घेतलेल्या-दिलेल्या उष्णतेचा हिशेब) आणि एन्ट्रॉपी काय मोजतात तिथपासून सुरुवात करावी लागते.

उष्णतेबद्दलचा तुमचा समज एकेकाळी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांचाही होता. डेन्मार्कच्या ज्युलियस थॉमसन यांनी १८५४ मध्ये तो मांडला आणि पुढे फ्रान्सच्या मार्सेलाँ बर्थलो यांनी त्याला तत्त्वाचा दर्जा दिला. तो इतकी वर्षं टिकला, कारण खोलीच्या तापमानाला तो बहुतेक वेळा खरा ठरतो. एन्ट्रॉपीत १०० ज्यूल प्रति केल्विन इतका बऱ्यापैकी मोठा बदल झाला, तरी २९८ केल्विनला त्याचं वजन जेमतेम ३० किलोज्यूल भरतं. रासायनिक बंध तुटण्या-जुळण्याचे हिशेब मात्र शेकडो किलोज्यूलचे असतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून १ मोल द्रवरूप पाणी होताना २८५.८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि एन्ट्रॉपीची बाजू त्याविरुद्ध फक्त ४८.७ किलोज्यूलची असते. अशा सामन्यात कोण जिंकणार ते उघड आहे. तापमान चढलं किंवा एन्थाल्पीतला बदलच लहान असला, की मात्र हे तत्त्व कोसळतं. हे नीट गणितात बसवलं ते विलार्ड गिब्ज यांनी १८७५ ते १८७८ या काळात; १८८२ मध्ये हेल्महोल्ट्झही स्वतंत्र वाटेने तिथेच पोचले.

आता मूळ मुद्दा. उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो की कुठलीही प्रक्रिया आपोआप घडायची तर प्रणाली आणि तिचा परिसर यांची मिळून एन्ट्रॉपी वाढली पाहिजे. यात एन्थाल्पी कुठून आली? अभिक्रियेने बाहेर टाकलेली उष्णता परिसरात जाते आणि परिसराची एन्ट्रॉपी वाढवते. ही वाढ म्हणजे ती उष्णता भागिले केल्विनमधलं तापमान. म्हणजे एन्थाल्पी ही परिसराच्या एन्ट्रॉपीची नोंद आहे, एवढंच. दोन्ही बाजू शेवटी एन्ट्रॉपीच्याच आहेत.

अमोनियाच्या संश्लेषणावर हे करून बघा. १ मोल नायट्रोजन आणि ३ मोल हायड्रोजनपासून २ मोल अमोनिया होताना ९२.२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. वायूचे चार मोल होते त्यांचे दोन झाले, त्यामुळे प्रणालीची एन्ट्रॉपी १९८.७ ज्यूल प्रति केल्विनने घटते. २५ अंश सेल्सियसला, म्हणजे २९८ केल्विनला, परिसराला मिळतात ९२,२०० भागिले २९८, म्हणजे सुमारे ३०९ ज्यूल प्रति केल्विन. ३०९ मधून १९९ गेले, ११० उरले. एकूण एन्ट्रॉपी वाढली, अभिक्रिया पुढे जाऊ शकते. आता तीच अभिक्रिया ४५० अंशांना, म्हणजे ७२३ केल्विनला घ्या. उष्णता तेवढीच धरली तरी तापलेल्या परिसरावर तिचा परिणाम कमी होतो: ९२,२०० भागिले ७२३, म्हणजे फक्त १२७.५. प्रणालीचा तोटा तसाच १९८.७ आहे. एकूण हिशेब ७१ ने उणे. उष्णता अजूनही बाहेरच पडते आहे, पण ती अभिक्रियेला ओढायला पुरत नाही.

"तापमान वाढलं की एन्ट्रॉपीचं महत्त्व वाढतं" हे वाक्य पुस्तकात असतं ते याचसाठी. माझ्या मते ते उलट बाजूने सांगितलं तर लवकर समजतं: तापमान वाढलं की बाहेर टाकलेल्या उष्णतेची किंमत घटते. वरच्या एकूण एन्ट्रॉपीला उणे तापमानाने गुणलं की मिळतं ते डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल; उष्णता बाहेर पडली तर ऋण) उणे टी (केल्विनमधलं तापमान) गुणिले डेल्टा एस (प्रणालीच्या एन्ट्रॉपीतला बदल). हाच गिब्ज यांचा डेल्टा जी. तो ऋण असणं आणि एकूण एन्ट्रॉपी वाढणं ही एकच गोष्ट आहे, अर्थात तापमान आणि दाब स्थिर असतील तर.

अव्यवस्थेबद्दल. ही कल्पना मी नव्या माणसांना शिकवताना वापरत नाही, कारण तिच्यावरून आकडा काढता येत नाही आणि कित्येकदा दिशाही चुकते. बोल्ट्झमन यांचं सूत्र जास्त उपयोगी आहे. व्हिएन्नात त्यांच्या थडग्यावर ते कोरलेलं आहे. एन्ट्रॉपी म्हणजे के गुणिले डब्ल्यूचा लॉगॅरिदम, आणि डब्ल्यू म्हणजे तेवढीच ऊर्जा आणि तेवढेच कण किती वेगवेगळ्या प्रकारे वाटले जाऊ शकतात ती संख्या. के हा स्थिरांक १.३८ गुणिले १० चा उणे २३ वा घात इतका चिमुकला आहे. त्यामुळे एन्ट्रॉपी फक्त १ ज्यूल प्रति केल्विनने वाढली, तरी वाटपाचे प्रकार ज्या पटीने वाढतात तो आकडा लिहायला १ वर सुमारे ३ गुणिले १० चा २२ वा घात इतकी शून्यं द्यावी लागतील. अशा पटीपुढे "उलट दिशेने जाण्याची थोडीशी शक्यता" म्हणण्यासारखी काही उरत नाही. दुसरा नियम इतका पक्का का, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

या नजरेने तुमच्या अमोनियम नायट्रेटकडे बघू. १ मोल विरघळताना ते २५.७ किलोज्यूल उष्णता शोषतं. स्फटिकात जागच्या जागी अडकलेले आयन पाण्यात मोकळे होतात आणि एन्ट्रॉपी सुमारे १०८.७ ज्यूल प्रति केल्विनने वाढते. २९८ केल्विनला त्याचे ३२.४ किलोज्यूल होतात. २५.७ उणे ३२.४, म्हणजे उणे ६.७. उष्णतेच्या बाजूने तोटा, तरीही एकूण फायदा. भांडं गार पडतं कारण लागणारी उष्णता आधी पाण्यातूनच घेतली जाते.

मात्र यावरून "विरघळलं की एन्ट्रॉपी वाढते" असा नियम करू नका. कॅल्शियम कार्बोनेट घ्या. ते पाण्यात आयनरूपात विरघळताना उष्णता बाहेर पडते, सुमारे १३ किलोज्यूल प्रति मोल. थॉमसन-बर्थलो यांच्या तत्त्वाप्रमाणे ते भराभर विरघळायला हवं. प्रत्यक्षात त्याचा विद्राव्यता गुणाकार (संतृप्त द्रावणातल्या दोन्ही आयनांच्या संहतींचा गुणाकार) १० च्या उणे ९ व्या घाताच्या घरात आहे, म्हणजे जवळजवळ अविद्राव्यच. कारण त्याची विरघळण्याची एन्ट्रॉपी उणे २०३ ज्यूल प्रति केल्विन आहे. स्फटिक मोडतो हे खरं, पण दुहेरी प्रभार असलेले आयन आपल्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून बसवतात. स्फटिक मोडून जेवढी मोकळीक मिळाली त्याहून जास्त पाण्याने गमावली. उणे १३ मध्ये अधिक ६०.५ मिळवले की प्रमाण डेल्टा जी, म्हणजे तक्त्यावरून निघणारा, अधिक ४७.५ येतो. अव्यवस्थेच्या व्याख्येवर विसंबलेला विद्यार्थी इथे हमखास अडतो, कारण त्याचं लक्ष फक्त घन पदार्थाकडे असतं. द्रावक त्याच्या हिशेबात येतच नाही. याच आकड्यांमुळे कॅल्शियम कार्बोनेटची विद्राव्यता तापमानाबरोबर घटते. गरम पाण्याच्या नळ्यांत क्षाराचे थर बसतात त्यामागे हे एक कारण आहे. बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जाणं हे दुसरं आणि बरंच मोठं.

आता धन डेल्टा जीचा प्रश्न. तोच कॅल्शियम कार्बोनेट, पण आता पाण्यात न टाकता भट्टीत तापवायचा. चुनखडीपासून कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड होताना १७८.३ किलोज्यूल उष्णता लागते आणि एन्ट्रॉपी १६०.६ ज्यूल प्रति केल्विनने वाढते. २९८ केल्विनला प्रमाण डेल्टा जी येतो अधिक १३०.४ किलोज्यूल. एन्थाल्पीला एन्ट्रॉपीने भागलं की शून्य कुठे होईल ते कळतं: १११० केल्विन, म्हणजे ८३७ अंश सेल्सियस. परीक्षेत उत्तर इथे संपतं आणि भट्टीवर काम इथे सुरू होतं.

८३७ अंशांना नेमकं काय होतं? आपल्या हिशेबाप्रमाणे त्या तापमानाला चुनखडीवरच्या कार्बन डायऑक्साइडचा समतोल दाब १ बार होतो. (एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी तापमानाबरोबर थोड्या बदलतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा ९०० अंशांच्या जवळ जातो. सात-आठशे अंशांची उडी मारताना स्थिर मूल्यं धरली तर एवढी तफावत येणारच.) "प्रमाण" या अटीत प्रत्येक वायू १ बार दाबाला आहे असं गृहीत असतं. भट्टीतला वायू वाऱ्याने वाहून नेला, तर कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब १ बार राहीलच कशाला? साध्या हवेत तो साधारण ०.०००४२ बार असतो. इतक्या विरळ वायूची एन्ट्रॉपी प्रत्येक मोलामागे आणखी ६४.६ ज्यूल प्रति केल्विनने जास्त असते. उणे आर (वायू स्थिरांक) गुणिले दाबाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला की हा आकडा निघतो. मग १६०.६ चे २२५.२ झाले आणि शून्याचा बिंदू ७९२ केल्विनला, म्हणजे सुमारे ५२० अंशांना आला. तीनशे अंशांहून जास्त फरक, आणि तोही फक्त वायू साचू न दिल्यामुळे. ५२० अंशांना विघटन फार संथ होईल, म्हणून कुणी तिथे भट्टी चालवणार नाही. पण दिशा कोणती हे ठरलेलं आहे. उलट, बंद भांड्यात वायू कोंडला तर ९०० अंशांच्या वर जाऊनही विघटन मध्येच थांबतं.

नियम म्हणून लिहायचं तर: डेल्टा जी म्हणजे प्रमाण डेल्टा जी अधिक आर टी गुणिले क्यूचा नैसर्गिक लॉगॅरिदम. क्यू म्हणजे त्या क्षणी भांड्यात उत्पादनं आणि अभिकारकं किती आहेत त्यांचं गुणोत्तर. प्रमाण डेल्टा जी फक्त समतोल स्थिरांक सांगतो, म्हणजे समतोलाला क्यू किती असेल ते. अभिक्रिया या क्षणी कुठल्या बाजूला जाईल हे दुसऱ्या पदासकट ठरतं. तक्त्यातून काढता तो प्रमाण डेल्टा जी, आणि तुम्हाला खरं तर हवा असतो तो नुसता डेल्टा जी. माझ्या पाहण्यातले या विषयावरचे निम्म्याहून जास्त घोटाळे या दोघांची गल्लत केल्याने झालेले आहेत.

अमोनियाकडे परत जाऊ. ४५० अंशांना समतोल स्थिरांक सुमारे ४.५ गुणिले १० चा उणे ५ वा घात आहे, म्हणजे प्रमाण डेल्टा जी अधिक ६० किलोज्यूलच्या आसपास. (वर स्थिर मूल्यांनी तो अधिक ५१.५ येत होता; फरकाचं कारण तेच, तापमानाबरोबर बदलणारी मूल्यं.) ६० किलोज्यूल धन, आणि तरीही फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हे संश्लेषण करून दाखवलं आणि १९१३ पासून जर्मनीतल्या ओपाऊ इथे कारखाना चालू झाला. कसा? समजा एकूण दाब २०० बार आहे, अमोनिया १५ टक्के झाला आहे आणि उरलेल्यात नायट्रोजन-हायड्रोजन एकास तीन आहेत. अमोनिया ३० बार, नायट्रोजन ४२.५, हायड्रोजन १२७.५. क्यू म्हणजे ३० चा वर्ग भागिले ४२.५ गुणिले १२७.५ चा घन. उत्तर येतं १.० गुणिले १० चा उणे ५ वा घात. समतोल स्थिरांकापेक्षा हे कमी आहे, म्हणजे अभिक्रिया अजूनही पुढेच जाते आहे. सूत्रात घातलं तर ६० उणे ६९, म्हणजे डेल्टा जी उणे ९ किलोज्यूल. इतक्या दाबाला वायू आदर्श राहत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा हलेल, पण चित्र हेच राहील. दाबलेल्या वायूंकडे मुळात एन्ट्रॉपी कमी असते, म्हणून चार मोलांचे दोन झाल्याचा तोटाही कमी बसतो. शिवाय कारखान्यात तयार अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा फिरवतात, म्हणजे क्यू वाढूच देत नाहीत.

मग मुळात ४५० अंशांपर्यंत तापवायचंच कशाला, २५ अंशांना तर सगळं अनुकूल होतं? कारण २५ अंशांना नायट्रोजनचा तिहेरी बंध लोखंडाच्या उत्प्रेरकावरही हलत नाही. वेग हा वेगळा विषय आहे आणि डेल्टा जी त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. हिऱ्याचं ग्रॅफाइट होण्याचा डेल्टा जी उणे २.९ किलोज्यूल आहे; हिरे आहेत तिथेच आहेत. यावर जास्त लिहीत नाही, कारण हे बहुतेकांना माहीत असतं.

प्रयोगशाळेत हेच तत्त्व सगळ्यात स्वच्छ दिसतं ते एस्टर करताना. आम्ल आणि अल्कोहोलचा समतोल स्थिरांक साधारण ४ असतो. दोन्ही समान मोल घेतले तर अभिक्रिया दोन तृतीयांश होऊन थांबते. ब्युटाइल अॅसिटेट करताना फ्लास्कवर डीन-स्टार्क सापळा लावला की उकळत्या मिश्रणातून पाणी वाफेबरोबर वर जातं, कंडेन्सरमध्ये थंड होतं आणि सापळ्याच्या खुणा केलेल्या नळीत तळाशी वेगळा थर होऊन जमतं. वरचा हलका थर फ्लास्कमध्ये परत पडतो. १ मोल आम्ल घेतलं असेल तर १८ मिलीलीटरच्या आसपास पाणी यायला हवं. सुरुवातीला थेंब भराभर येतात, वरचा थर गढूळ दिसतो, मग थेंबांमधलं अंतर वाढत जातं, आणि पातळी १८ च्या जवळ येऊन थांबली की काम झालं. समतोल स्थिरांक आपण बदललेला नाही, पाणी फक्त मागे राहू दिलं नाही.

इथे एक आकडा मनात ठेवा: २५ अंशांना ५.७ किलोज्यूल म्हणजे समतोल स्थिरांकात दहापट फरक. याचे दोन उपयोग आहेत. एक, तक्त्यातल्या मूल्यांत ५-६ किलोज्यूलची चूक सहज असू शकते, विशेषतः मोठ्या सेंद्रिय रेणूंच्या अंदाजी मूल्यांत. तेव्हा अधिक ३ किंवा उणे ४ असं उत्तर आलं तर त्या चिन्हावर कुठलाही निर्णय घेऊ नका, प्रयोग करा. दोन, अधिक २० आलं तर स्थिरांक १० च्या उणे साडेतीन घाताच्या आसपास आहे. उत्पादन काढून घेऊन किंवा एक अभिकारक भरपूर घालून यातून बऱ्याचदा वाट निघते. अधिक १०० आलं तर त्याच तापमानाला ही युक्ती पुरणार नाही. तिथे तापमान बदलायचं, किंवा दुसऱ्या अभिक्रियेशी सांगड घालायची, किंवा वीज वापरायची.

सांगड म्हणजे काय ते टायटॅनियममध्ये दिसतं. टायटॅनियम डायऑक्साइडवर क्लोरीन सोडून टायटॅनियम टेट्राक्लोराइड आणि ऑक्सिजन मिळवायचा तर २५ अंशांना प्रमाण डेल्टा जी सुमारे अधिक १५२ किलोज्यूल. मिश्रणात कोळसा घातला की ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड होतो, त्याचे उणे ३९४ मिळतात, आणि बेरीज उणे २४२ होते. उद्योगात हे १००० अंशांच्या आसपास करतात. मात्र दोन अभिक्रिया नुसत्या शेजारी शेजारी चालवून काही साधत नाही. कोळसा दुसऱ्या भांड्यात जळत असेल तर त्याच्याकडून फक्त उष्णता मिळेल, डेल्टा जी मिळणार नाही. पहिल्या अभिक्रियेतून सुटणारा ऑक्सिजनच दुसरीने खाल्ला पाहिजे.

विजेच्या बाबतीत पाण्याचं विघटन बघा. एन्थाल्पी, एन्ट्रॉपी आणि मुक्त ऊर्जा तिन्ही तिथे व्होल्टमीटरवर वाचता येतात. डेल्टा जी अधिक २३७.१ किलोज्यूल आहे. प्रत्येक रेणूमागे २ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून किमान १.२३ व्होल्ट. पण एकूण लागणारी ऊर्जा, म्हणजे डेल्टा एच, २८५.८ आहे आणि त्याचे १.४८ व्होल्ट होतात. मधले ४८.७ किलोज्यूल म्हणजे टी गुणिले डेल्टा एस. १.२३ आणि १.४८ च्या मध्ये चालणारा सेल ही उणीव परिसरातून उष्णता घेऊन भरून काढतो. १.४८ ला तो उष्णता घेत नाही आणि देत नाही. त्याच्या वर तो तापू लागतो. औद्योगिक सेल बहुधा तिथेच चालवले जातात, कारण वेग हवा असतो, आणि म्हणून त्यांना थंड ठेवण्याची सोय लागते.